नर्सिंगच्या मुली, दवाखाना आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात हयात गेली, आणि शिक्षण म्हणाल तर वाचनालयात नि चळवळीच्या शिबिरांत झालं. तरी समितीने आरोग्यावर बोलायला सांगितलं, कारण नर्सिंग कॉलेजच्या मुली आपल्या वस्तीच्या दवाखान्यात येऊ लागल्यापासून त्यांना घरं दाखवत हिंडण्याचं काम आमच्याकडे आहे. जे पाहिलं तेच सांगतो.

काही जण विचारतात, “ह्या पोरी शिकाऊ. आपल्यावर हात साफ करून घेतात की काय?” प्रश्न रास्त आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य हा सक्तीचा विषय आहे. इंजेक्शन कसं द्यायचं हे इस्पितळात शिकता येतं. पण पिण्याचं पाणी कशात साठवतात, धूर कुठे कोंडतो, बाळंतिणीच्या ताटात काय पडतं, हे घरात आल्याशिवाय कळत नाही. मुली ब्लडप्रेशर बघतात, बाळाचं वजन करतात, दंडाचा घेर मोजतात. जुलाब झालेल्या पोराला १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून पाजायला शिकवतात. सोबत त्यांच्या शिक्षिका असतात. औषध डॉक्टरच लिहून देतात.

ही रीत नवी नाही. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. देशातल्या पहिल्या दोनांतला तो एक, दुसरा दिल्लीचा. वेल्लोरच्या नर्सिंग कॉलेजचा स्वतःचा सामुदायिक आरोग्य कार्यक्रम आहे. शिक्षिका आणि विद्यार्थिनी मिळून लोकांच्या घरी जातात. आणि आपल्या सावित्रीमाई? शाळा चालवणारी ही बाई १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोगी पोचवत होती. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शाळा आणि दवाखाना यांची सोयरीक आपल्याकडे जुनी आहे.

घरी येण्याने काय होतं, ते ऐका. आमच्या खात्यातला एक सोबती वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध घेत होता. दवाखान्याच्या रांगेत त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस. एका विद्यार्थिनीने घरी बसून विचारलं, “काका, छाती कोणत्या दिवशी जास्त आवळते?” तो म्हणाला, “सुट्टीनंतर कामावर गेलं की.” मुलीने ते लिहून घेतलं, शिक्षिकेला दाखवलं, डॉक्टरांनी श्वासाची तपासणी करायला पाठवलं. कापसाच्या धुळीचा रोग असाच असतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जोर करतो. आम्हा सगळ्यांना तो ठाऊक होता, पण त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं.

आता कमतरताही बोलली पाहिजे. परीक्षा आली की मुलींची तुकडी जाते, नवी यायला वेळ लागतो. अशाच एका उन्हाळ्यात टीबीच्या एका पेशंटने तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या. बरं वाटत होतं, आणि विचारायला येणारी मुलगी गेली होती. दिवाळीपर्यंत खोकला परत आला. घरात तान्हं मूल! साध्या टीबीलासुद्धा साधारण ६ महिने औषध घ्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, पण आठवण द्यायला माणूस लागतो.

तो माणूस कॉलेजचा असू शकत नाही, तो वस्तीचाच पाहिजे. म्हणून आता महिला मंडळाच्या भगिनी घरं वाटून घेतात. पेशंटची संमती असेल तरच त्या जातात. वही दवाखान्यातच राहते आणि कुणाच्या दुखण्याची चर्चा ओट्यावर होत नाही. नवी तुकडी आली की ह्याच भगिनी तिला घरं दाखवतात.

विनयपिटकात कथा आहे. जुलाबाने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. बाकीचे म्हणाले, तो आमच्या काही कामाचा नाही, म्हणून आम्ही बघत नाही. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतलं आणि एकमेकांची शुश्रूषा करणं हे संघाचं काम ठरवलं. आपल्या गल्लीत कुणी तसा पडून नाही ना, एवढं तरी आपण विचारावं.

तेव्हा मागणं तीनच. मुली दारात आल्या तर पाणी विचारा आणि खरं सांगा. दारूचं, तंबाखूचं, सगळं. २ आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लाज सोडून बेडका तपासून घ्या. आणि बारावी झालेल्या आपल्या पोरींनाच काय, पोरांनाही नर्सिंगला घाला. पदवीला ४ वर्षं लागतात. आज दुसऱ्यांच्या मुली आपल्या वस्तीत शिकायला येतात. उद्या आपली लेक पांढरा कोट घालून इथे शिकवायला यावी, एवढंच आमचं म्हणणं.

जयभीम!