पावत्या, पाडा आणि बाईचं नाव

(तालुक्याच्या मासिक बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलल्या तसे लिहून घेतले आहे.)



कायद्याची कलमं भाऊ वाचून दाखवणार आहेत. मी आपलं जे रोज डोळ्यांना दिसतं ते बोलते. कुणाला झोंबलं तर चहाच्या वेळी मला सांगा, मागे कुजबुजू नका.

आधी पावत्यांचं. आपल्या बापजाद्यांनी प्लॉट कसला, गार्ड आला, कोंबडा नेला, दंड केला, पावती फाडली. ती पावती आपण लाजेने कौलाखाली खोचून ठेवली. आता बघा, त्याच पावतीवर साल आहे, जंगलखात्याची सही आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, हे खात्यानेच लिहून दिलंय! ती शोधा, उंदरांनी खायच्या आत. झेरॉक्स लावा, अस्सल पावती कुणाच्या हातात देऊ नका. ज्यांच्याकडे पावती नाय त्यांनी रडू नये. पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. पण आपल्या दाव्याला आपणच साक्षीदार चालत नाय, आणि एकट्या एका पुराव्यावर भागत नाय.

दुसरं. फॉर्मचे पैसे कोण घेतो? नियमात फॉर्म फुकट आहे. तरी शंभर-दोनशे काढणारे आहेत, आणि ते सगळे बाहेरचे नाहीत. आपलीच दहावी-बारावी झालेली पोरं आहेत. रेंजरने मागितले तर मोर्चा काढायचा आणि भाच्याने मागितले तर गप बसायचं, हे मला पटत नाय.

ग्रामसभेचं तर विचारूच नका. नियम सांगतो, निदान निम्मी माणसं हजर पाहिजेत. पंचायतीत सहा-सात पाडे, सभा एका ठिकाणी, वेळ सकाळी अकराची. त्या वेळी बाई लाकडाला, नायतर मजुरीला. मग शिपाई वही घेऊन घरोघर अंगठे घेत फिरतो. अशी सभा उद्या वरच्या समितीत कुणीही खोटी ठरवील आणि आपलेच दावे परत येतील. पेसा कायद्यात पाडा हेच गाव धरता येतं. आपण पाड्याची सभा मागतोय ती हौस म्हणून नाय. पाड्यात रात्री जेवणं झाल्यावर हाक मारली तर सगळे येतात. पिऊन येऊ नका एवढंच.

आता कडू बोलते. कायदा आला म्हणून काही जणांनी यंदा नवीन झाडं तोडली. ही जमीन दाव्यात बसत नाय. तारीख ठरलेली आहे, आणि मिळणार ती जेवढी कसतो तेवढीच, चार हेक्टरच्या वर नाय. ताजी खुंटं दाखवून साहेब म्हणणार, बघा, हे सगळेच चोर. तिघांच्या लोभापायी पन्नास घरांच्या दाव्यांवर संशय येतो. आणि जंगल संपलं तर मोहाची फुलं, टेंभुर्णीची पानं, कंदमुळं कुठनं आणणार? राखायचा हक्कसुद्धा ह्याच कायद्यात आहे, तो कुणी वाचतच नाय. अशांचा दावा वनहक्क समितीने स्वतःच थांबवावा असं माझं मत आहे. पुढाऱ्याचा भाऊ असला तरी.

शेवटचं बायांचं. लावणी बाई करते, खुरपणी बाई करते, गार्डाच्या शिव्या बाई खाते कारण पुरुष तेव्हा वीटभट्टीवर असतो. फॉर्मवर नाव मात्र एकट्या बाप्याचं. कायद्यात स्पष्ट आहे, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. एक भाऊ मला म्हणाले, बायकोचं नाव घातलं तर ती जमीन विकून माहेरी जाईल. अहो, ही जमीन विकता येतच नाय, तिलाही नाय आणि तुम्हालाही नाय! वारसाने पोरांकडे जाते, शेटकडे जात नाय. मग भीती कसली? ज्या बाया एकट्या आहेत, नवऱ्याने टाकलेल्या किंवा रांडावलेल्या, त्यांचा दावा त्यांच्याच नावाने भरा. दिराच्या नावात घुसडू नका. समितीत एक तृतीयांश बाया असायलाच पाहिजेत, त्या नुसत्या सतरंजी घालायला नाहीत.

आज ज्यांनी फॉर्म सोबत आणलेत त्यांनी जेवायच्या आधी उघडून बायकोचं नाव आहे का बघा. वाचता येत नसेल तर दारात आश्रमशाळेच्या पोरी बसल्यात, त्यांच्याकडे द्या.