एक लेबल, चार गावं

हातातलं काम चालू राहू द्या. फक्त घरात मसाल्याचं नाहीतर चटणीचं एखादं विकतचं पाकीट असेल, तर तेवढं जवळ घ्या. बोलता बोलता उलटून बघायला लागेल.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. शेंगदाण्याची चटणी आमच्याकडे घरोघरी होते, म्हणून आम्ही मुद्दाम जवसाची धरली. चार गावांतले चार गट ती करतात आणि एकाच नावाने विकतात. पाकिटाचं चित्र तालुक्याच्या डीटीपीवाल्या मुलाने केलं, छापलं दुसऱ्याच प्रेसने, मजकूर आमच्या सचिव ताईंनी सांगितला आणि पैसे संघाने भरले. एका लेबलला किती हात लागले बघा.

मागच्या वर्षी प्रदर्शनात मी स्टॉलवर होते. एका आजींनी दोन पाकिटं घेतली. जाता जाता म्हणाल्या, "नातवाला शेंगदाणा चालत नाही बाई, श्वास लागतो त्याला. तुमच्या पाकिटावर शेंगदाणा लिहिलेला नाही, म्हणून घेतलं." मी मान डोलावली. त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या आणि शेजारी बसलेली दुसऱ्या गावची वहिनी हळूच म्हणाली, "ताई, आम्ही तर दिवाळीपासून थोडे दाणे घालतोय. जवस महागला होता ना."

मी तशीच पळाले, पायात चप्पलसुद्धा नव्हती. आजी गेटपाशी रिक्षा ठरवत होत्या, म्हणून सापडल्या. पाकिटं परत घेतली, पैसे दिले. हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

वहिनीवर रागवून काय उपयोग? तिच्या गटाने चोरून काही केलं नव्हतं. बैठकीत ठरवलं होतं, वहीत लिहिलं होतं. पण कृती बदलली की लेबल बदलावं लागतं, आणि ते कुणाला सांगायचं, हे आम्ही चौघींच्या चार गटांनी कधी ठरवलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटायचं, लेबल म्हणजे प्रेसवाल्याचं काम.

आता पाकीट उलटं करा. घटक लिहिलेत ना? ते जास्त वजनाचा आधी, कमी वजनाचा नंतर, अशा क्रमाने लिहायचे असतात. शेंगदाणा, दूध, सोयाबीन, गहू असे काही पदार्थ कुणाकुणाला बाधतात, म्हणून ते असतील तर वेगळे सांगावे लागतात. शाकाहारी मालाला हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सगळ्या करांसहित किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खायचं ती तारीख, तक्रारीसाठी फोन, आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. ही माहिती नुसत्या मराठीत चालत नाही. ती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते, सोबत मराठी हवी तेवढी घाला.

प्रदर्शनाहून आल्यावर आम्ही बसलो. भांडण झालं, लपवत नाही. एका अध्यक्ष आक्कांचं म्हणणं, पाकिटावर त्यांच्याच गावाचं नाव का नाही? आणि खरं सांगायचं तर आक्का बरोबर होत्या. एफएसएसएआयची नोंदणी ज्या जागेत माल होतो त्या जागेची असते. चार ठिकाणी चटणी करून एकाच गावाचा पत्ता आणि एकच नंबर छापणं चूकच होतं. मग पुढची बाजू चौघींची एक ठेवली, आणि मागची बाजू चार वेगवेगळी केली. ज्या गावची चटणी, त्या गावचा पत्ता, त्या गटाचा नंबर. दाण्यांचं म्हणाल, तर ते बंद केले. जवस महागला तर किंमत वाढवू, पण कृती चौघींची एकच.

लेबल सांभाळायला एकच बाई नेमली. ती फार शिकलेली नाही, पण तिची नजर तीक्ष्ण आहे. तिच्याकडे एक फाइल असते. त्यात प्रत्येक लेबलचं छापील प्रूफ, त्यावर चारही गटांच्या सह्या आणि तारीख. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात खूण असते, ज १, ज २, ज ३. बदल झाला की आकडा पुढे. प्रेसवाल्याला सांगून ठेवलंय, या बाईच्या हातचं सही केलेलं प्रूफ आल्याशिवाय मशीन लावायचं नाही. पूर्वी कुणीही फोन करायचं, "दादा, तेवढा मोबाइल नंबर बदला", आणि दादा मागच्याच्या मागच्या फाइलमध्ये बदलून द्यायचे.

प्रूफ आम्ही मनात वाचत नाही. एक मोठ्याने वाचते, दुसरी बोट ठेवून तपासते. १४ आकडे तर एकेक करून. एकदा प्रेसच्या संगणकात आमचा फाँटच नव्हता, तर 'चटणी'ची अक्षरं फुटून भलतंच काही दिसत होतं. तेव्हापासून डीटीपीवाल्या मुलाला अक्षरांचे कर्व्ह करूनच फाइल द्यायला सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होतो आणि छापताना अक्षरं फाटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तारखेची आणि बॅचची जागा कोरी सोडतो, शिक्का गटात मारतात. चटणी भरायच्या आधी मारा हं. जवसाचं तेल पाकिटाला लागलं की शाई बसत नाही, पुसून जाते.

आणि जुनी लेबलं. यावरून पुन्हा वाद झाला, कारण पैसे गेलेले असतात. कुणी म्हणालं, वर चिठ्ठी चिकटवू. पण छापलेला तपशील चिठ्ठी लावून बदलणं कायद्याला चालत नाही. फक्त किंमत कमी केली तर कमी किमतीची चिठ्ठी लावता येते, तीही जुनी किंमत न झाकता. म्हणून आम्ही सगळी जुनी लेबलं समोरासमोर बसून कात्रीने कापली. आक्कांनी शेवटपर्यंत तोंड वाकडं केलं होतं, पण कापली त्यांनीच सगळ्यात जास्त.

आता पाचवा गट कारळाची चटणी घेऊन येतोय. त्यांचं प्रूफ मंगळवारी संघाच्या खोलीत मोठ्याने वाचायचं आहे. जवळच्या गावात असाल, तर ऐकायला या.