श्रम, व्यायाम आणि सामान्य माणूस



 मी पंडित नाही, वक्ताही नाही. उधना भागात गेली चाळीस वर्षे मी वैद्यकीय व्यवसाय करीत आहे आणि माझ्याजवळ जे काही आहे ते दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसांकडून मिळालेले आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते ते आपले सर या शाळेत व्यायामशिक्षक होते. त्यामुळे विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. सामान्य माणसाने, म्हणजे आपण साऱ्यांनी, रोजच्या जगण्यात व्यायामाला कोठे आणि कशी जागा द्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रारंभी एक घरगुती प्रसंग सांगतो. माझे वडील अमळनेरजवळच्या एका खेड्यातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेस आले. आपल्यापैकी अनेकांची घरे याच रेल्वेमार्गाने येथे आली आहेत. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत ‘खाते’ म्हणतात. अशाच एका खात्यात त्यांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. मी सातवीत असताना सरांनी आम्हांला रोज घरी बारा सूर्यनमस्कार घालण्यास सांगितले होते. एके दिवशी सकाळी मी खोलीबाहेरच्या ओट्यावर नमस्कार घालीत असता वडील रात्रपाळी करून परतले. कानात कापसाचे तंतू, पायांना सूज. क्षणभर माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “मना व्यायाम तठेच व्हई जास, भाऊ.” त्यात उपहास नव्हता. बारा तास राबलेल्या माणसाचे ते साधे विधान होते, आणि मला ते पूर्णपणे पटले. इतके पटले की पुढे डॉक्टर झाल्यावरही ते मनातून गेले नाही.

त्याचा परिणाम काय झाला, हेही आपल्यापुढे मांडणे माझे कर्तव्य आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत पंचेचाळिशीचा एक विणकर माझ्याकडे आला. पाठ दुखते, जिना चढताना दम लागतो, अशी त्याची तक्रार होती. औषध घेऊन उठताना त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, सकाळी थोडे फिरायला जात जाऊ का?” मी हसून उत्तर दिले, “तुम्हांला व्यायामाची काय गरज? दिवसभर उभे तर असता!” दोन वर्षांच्या आत हृदयविकाराने तो गेला. फिरायला गेला असता तर वाचला असता, असे मी म्हणणार नाही. वैद्यकशास्त्र इतके सोपे नाही. परंतु त्याने मागितलेली एक चांगली गोष्ट मी त्याला नाकारली, हे खरे आहे. आजचे व्याख्यान हे एका अर्थी त्या माणसाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे काय? या प्रश्नाचा शास्त्रीय शोध लंडनमधील एका साध्या निरीक्षणापासून सुरू झाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर काम करणारी ही माणसे. पण दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. यावरून श्रम हाच व्यायाम, असा निष्कर्ष कोणीही काढील. मीही तोच काढला होता.

परंतु कथा तेथे संपत नाही. अलीकडच्या काळात डेन्मार्कमधील संशोधकांनी दाखवून दिले की फावल्या वेळात आपण होऊन केलेल्या हालचालीने जो लाभ होतो, तो पोटासाठी केलेल्या जड कामातून तसाच मिळतो असे नाही. काही वेळा उलटच घडते. याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. व्यायामात हृदयाची गती काही काळ वाढते आणि मग त्याला विसावा मिळतो. पाळीच्या कामात शरीरावरचा ताण मध्यम असला तरी तासन् तास उतरत नाही, आणि विसावा माणसाच्या हाती नसतो. मागावरचा कामगार येरझाऱ्या घालतो खरा, पण त्या संथ असतात. तुटलेला धागा जोडण्यासाठी तो वाकतो, तो नेहमी एकाच बाजूला. दीर्घकाळ उभे राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साचते; पोटऱ्यांचे स्नायू जोराने आकुंचन पावले म्हणजेच ते वर ढकलले जाते. हिऱ्याच्या घंटीवर मान घालून बसणाऱ्या रत्नकलाकाराची अवस्था निराळी, पण त्याच जातीची. त्याचे डोळे आणि बोटे दिवसभर राबतात, उरलेले शरीर मात्र हलत नाही. श्रम शरीराचा काही भाग झिजवतात आणि काही भाग तसाच पडू देतात. व्यायामाने झिजलेल्या भागाला आराम आणि पडलेल्या भागाला काम मिळाले पाहिजे. म्हणूनच राबणाऱ्या माणसालाही व्यायाम हवा; मात्र तो कचेरीत बसणाऱ्याच्या व्यायामाची नक्कल असता कामा नये.

असा विचार आपल्या परंपरेला परका नाही, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याचीही गरज नाही. याच गुजरातेत, बडोद्यास, प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिराच्या आखाड्यातून पिढ्या घडविल्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत दहा खंडांत निघाला, तोही बडोद्याहूनच. गुजरातेत व्यायामशाळांची चळवळ उभारणाऱ्या पुराणी बंधूंपैकी अंबुभाईंचा जन्म १८९४ साली सुरतेत झाला. मराठी आणि गुजराती समाजांत व्यायामाची देवाणघेवाण किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

त्यातही मला विशेष जवळचे वाटते ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांचे उदाहरण. १८८३ साली त्यांचा जन्म झाला तो बडोदे संस्थानातील डभोई येथे. बडोद्यास माणिकरावांकडे त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि पुढे अमळनेरला अध्यापन केले. म्हणजे जे गाव सोडून माझे वडील येथे आले, त्याच्याच परिसरात हा गृहस्थ मुलांना शिकवीत होता. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी योगक्रिया क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या कसोटीवर तपासण्याचे कार्य केले. आपल्या शरीरावर कोणत्या क्रियेचा काय परिणाम होतो, हे श्रद्धेवर न सोडता पाहावे, ही त्यांची वृत्ती मला आजही अनुकरणीय वाटते.

सूर्यनमस्कारांचा आज जो सर्वत्र प्रसार दिसतो त्यामागे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे मोठे परिश्रम आहेत. ते स्वतः नेमाने नमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी ते सुरू केले. या व्यायामाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. त्याला उपकरण लागत नाही, वर्गणी लागत नाही. माणूस आडवा होऊ शकेल एवढी जमीन पुरते. दहा बाय बाराच्या खोलीत पाचजण राहणाऱ्या कुटुंबाला याचे मोल सांगावे लागत नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. २१ जून २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनी सुरतेत सुमारे दीड लाख माणसांनी एकत्र योगासने करून जागतिक विक्रम केला. तो सोहळा मी पाहिला आणि मला आनंदही झाला. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही जिची ख्याती, त्या नगरीने पहाटे उठून आसने करावीत, ही लहान गोष्ट नव्हे. सकाळी तापीकाठी फिरून आल्यावर गरमागरम लोचोच्या दुकानापुढे रांग लावणारी मंडळीही मी पाहतो; डॉक्टर म्हणून मला जे बोलायला हवे ते मी तेथे बोलत नाही, कारण पुष्कळदा त्या रांगेत मीही असतो. प्रश्न एवढाच आहे की २२ जूनच्या सकाळी त्या दीड लाखांपैकी प्रत्येकाने काय केले? त्या सकाळची मोजणी कोणी करीत नाही, आणि आरोग्य मात्र त्याच सकाळवर अवलंबून असते.

येथे मला सरांची एक शिकवण आठवते. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला होता. नमस्कार घातले की ज्याने त्याने आपल्या नावापुढे फुली करायची. तपासणी नाही, बक्षीसही नाही. एखाद्याची जागा मोकळी राहिली की सर रागावत नसत. ते म्हणत, “खाडा पडला तर पडू द्या. लागोपाठ दुसरा पडू देऊ नका.” पुष्कळ वर्षांनी लंडनमधील फिलिपा लॅली यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले संशोधन माझ्या वाचनात आले. ९६ व्यक्तींच्या त्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. आमच्या सरांचा तक्ता मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसला.

माझ्या अनुभवात बहुतेकांचा व्यायाम आळसाने सुटत नाही. एक खाडा पडला की ‘आता नेम मोडलाच’ या निराशेने तो सुटतो. दुसरे कारण म्हणजे मोठे आकडे. रोज दहा हजार पावले चालावीत, असे आपण ऐकतो. या आकड्याचा उगम १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. ती काही वैद्यकीय मर्यादा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. आणि तेवढेही न जमल्यास थोडे करणे हे काहीच न करण्यापेक्षा बरे, असेही ती सांगते.

स्त्रियांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. ‘घरकामात व्यायाम होतोच की’ हे वाक्य आणि मी त्या विणकराला दिलेले उत्तर ही एकच चूक आहे. माझ्या माहितीतल्या लिंबायतच्या एका भगिनीला मधुमेह निघाला. पहाटे एकटीने रस्त्यावर जाण्याची सोय नाही, घरात जागा नाही. तिने इमारतीची गच्ची, जिला येथे अगाशी म्हणतात, निवडली. संध्याकाळी वाळलेले कपडे काढण्यास वर जायचे आणि अर्धा तास झपाझप चालून मग खाली यायचे. पहिले काही दिवस कोणाला कळलेही नाही. पुढे शेजारच्या दोघी आल्या. तिने व्यायामासाठी वेगळी वेळ मागितली नाही. असलेल्या कामाला तो जोडून दिला. नेम टिकण्याचे याहून चांगले साधन मला ठाऊक नाही.

यंत्रमागावरच्या बांधवांना मी आता काय सांगतो, तेही थोडक्यात सांगतो. पाळी सुटली की घरी येऊन दहा मिनिटे पाठीवर पडा आणि पाय भिंतीला टेकवून वर ठेवा. झोप झाल्यावर, कामावर जाण्यापूर्वी, सावकाश सहा नमस्कार घाला; जमतील तसे बारा करा. सुट्टीच्या दिवशी दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने अर्धा तास चाला. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी तपासणी करून घ्या. आणि कोणी डॉक्टर हसला, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

सरांची शेवटची आठवण सांगून माझे भाषण संपवितो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सर तेव्हा निवृत्त झाले होते आणि आमच्याच इमारतीत राहत होते. तळमजला बुडाला, वीज गेली. आम्ही सारे वरच्या मजल्यांवर अडकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो जिन्याच्या चौकात सर नमस्कार घालीत होते. बारा पुरे झाले, तेव्हा मी विचारले, “सर, आजही?” ते म्हणाले, “काल खाडा पडला होता.” दुपारी पिण्याच्या पाण्याची होडी आली. आम्हां तरुणांबरोबर सत्तरीचा तो माणूस जिन्यात उभा राहून पाण्याच्या पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात देत होता. त्यांनी आयुष्यभर नमस्कार कशासाठी घातले, हे मला त्या जिन्यात कळले.

शाळेच्या चालकांना माझी एकच नम्र विनंती आहे. विद्यार्थ्यांचे वर्ग नसतील अशा एखाद्या वेळी, पाळी सुटण्याचा सुमार पाहून, शाळेचे मैदान पालकांसाठी तासभर खुले ठेवावे. स्त्रियांसाठी निराळी वेळ राखावी. भिंतीवर एक तक्ता लावावा. तपासणी नको, बक्षीसही नको. तो विणकर आज असता, तर फिरायला कोठे जाऊ, असा प्रश्न त्याला पडला नसता.