रातकिडा नव्हे!



तीस वर्षांच्या मास्तरकींत मीं दिलेला एक भोपळा अद्याप मनांतून जात नाहीं. “रातकिडा आवाज कसा करतो?” या दोन गुणांच्या प्रश्नाला एका विद्यार्थ्यानें “पोट वाजवून” असें उत्तर लिहिलें होतें. पुस्तकांत “पंख घासून” असें होतें. पुढें निवृत्तीनंतर एका वैशाखांत चंदनापुरीच्या घाटांत, भर दुपारीं, गवताच्या काडीवर बसून किर्र वाजणारा किडा मला दिसला. पंख स्तब्ध, पोट मात्र थरथरत होतें! मुलानें पाहिला होता तो सिकाडा. मी विचारीत होतों तो रातकिडा. आपण दोघांनाहि सरसकट एकाच नांवानें हांक मारतों, त्याचा हा परिणाम.

सिकाडाच्या नराच्या पोटाच्या बुडाशीं दोन्ही बाजूंस फासळ्यांसारखे उंचवटे असलेले ताठ पडदे असतात. स्नायूनें ओढतांच पडदा आंत दबतो, सोडतांच पूर्ववत् होतो, आणि पोकळ पोट तो आवाज वाढवितें. मादीला हें वाद्य नाहीं. हें गायन चालतें जेमतेम कांहीं आठवडे. त्याआधींचीं वर्षें पिलूं जमिनींत मुळांतील पाणचट रस शोषीत काढतें. त्या रसांत पोषण इतकें थोडें कीं वाढ मंदच व्हावयाची. मेघालयांतील री-भोई जिल्ह्यांत एक जात दर ४ वर्षांनीं वर येते. अमेरिकेंत १३ व १७ वर्षांच्या जाती आहेत, आणि २०२४ सालीं त्यांच्या दोन मोठ्या टोळ्या एकाच वेळीं प्रकटल्या.

गवतांत राहणाऱ्या जातींपैकीं एकीची हकीकत आपल्या प्रवराकांठच्या ऊंसवाल्यांनीं अवश्य ऐकावी. जपानच्या ओकिनावा बेटांत मोगानिया मिनुटा नांवाचा लहानसा सिकाडा माळावरील उंच गवतावर राही. ऊंस हेंहि शेवटीं गवतच! गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तो उंसांत शिरला आणि पिकाचा शत्रु ठरला. खोडवा ठेवला म्हणजे बुडखा व मुळें जागच्या जागीं राहतात. पिलाला हवी असते तीच स्वस्थता. शेत नांगरलें कीं पिलें उघडीं पडतात.

शेतकऱ्याला जें सोईचें, तेंच माळावर घातक. मीं पाहिला तो माळ गेल्या वर्षीं नांगरला गेला. जमिनीखालच्या किती वर्षांच्या पिढ्या त्यांत गेल्या असतील! यंदा वैशाखांत दोन दुपारीं तेथें बसून आलों. एकच आवाज ऐकूं आला, तोहि रस्त्यापलीकडून.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळाला आहे. उत्तरपत्रिका कधींच रद्दींत गेली. तरी ते दोन गुण मी त्याला पत्रानें कळविणार आहें.