तिला कुणी ‘गा’ म्हणू नका

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, आंजर्ले येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर मुलांच्या करिअरवर पंधरा मिनिटं बोल.’ मी हो म्हटलं. स्लाइडही तयार केल्या. एआयमुळे कुणाच्या नोकऱ्या जाणार, कुणाच्या राहणार, असं सगळं त्यात होतं. परवा रात्री त्या बाजूला ठेवल्या. आपल्या सगळ्यांची मुलं आता पंधरा ते बावीस वर्षांची आहेत. त्यांच्या करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज माझ्या मुलीबद्दल बोलणार आहे. तिला विचारून बोलते आहे. तिनं एक अट घातली आहे, ती शेवटी सांगते.

सुरुवात मात्र आपल्या शाळेपासूनच करायला हवी.

तुम्हाला आठवत असेल, गॅदरिंगला स्वागतगीत म्हणायला दर वर्षी मी असायचे. का? तर आमच्या घरी पेटी होती. बाबा कड्यावरच्या गणपतीच्या उत्सवात भजनाला बसायचे, त्यामुळे सूर कानावर होते. पण आपल्या वर्गात माझ्याहून चांगला गळा असलेली एक मुलगी होती. तिचे वडील होडीवर जायचे, आई हर्णै बंदरावर मासळी विकायची. पावसाळा संपून होड्या बाहेर पडल्या की तिला घरी धाकट्या भावंडांकडे बघावं लागे आणि तालमी बुडत. तालमी बुडतात म्हणून तिला कधी पुढे उभं केलं नाही. आठवीनंतर तिची शाळाच सुटली. नाव घेत नाही, ती इथेच बसली आहे आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे.

हे आज सांगण्याचं कारण असं, की मी पुढे तीस वर्षं स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगत आले. मी खेड्यातली मुलगी, तरीतून खाडी ओलांडली, दिवे गेले की कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, इंजिनिअर झाले, सगळं स्वतःच्या हिमतीवर. हिमत होतीच. पण पेटीही होती, शिकलेले वडीलही होते, आणि ‘तू शीक, घराचं आम्ही बघतो’ म्हणणारी आजीही होती. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. म्हणून मुलीच्या वेळी माझा हिशोब चुकला.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला गाण्याच्या क्लासला घातली. गळा होता. मग मी, माझ्या पिढीच्या आया करतात ते सगळं केलं. चांगले गुरू शोधले. घरात तिच्यासाठी वेगळी खोली केली. मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप असताना मिरजेचा खरा तंबोरा आणला. स्पर्धा, परीक्षा, शिबिरं. रियाझाचा तक्ता मी एक्सेलमध्ये ठेवत असे, कारण मला दुसरं काही येतच नाही. कोणत्या रागाला किती तास, कुठे अडतं, पुढची तारीख कोणती. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असतो तसा घरात मुलीचा कार्यक्रम असायचा.

बारावीच्या वर्षी ती गायची थांबली. आधी म्हणाली, घसा बसलाय. कानानाकाघशाच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मग रात्री झोप येईना. जेवण कमी झालं. तंबोऱ्यावर धूळ बसली तरी ती त्या खोलीत जाईना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

मी दाखवलं नाही. दोन महिने दाखवलं नाही. या हॉलमध्ये हे कबूल करणं मला सोपं नाही. आपल्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की आपण काय म्हणायचो? ‘ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा.’ मनोरुग्णालय रत्नागिरीला, म्हणून ती आपली थट्टा. मीही हसले आहे त्या थट्टेवर. तीच थट्टा माझ्या डोक्यात तीस वर्षांनी जिवंत होती. मी मुलीला म्हणाले, ‘तुला काय कमी आहे? आम्हाला यातलं काय मिळालं होतं?’

ती काही बोलली नाही. पुढे पुष्कळ महिन्यांनी, उपचार सुरू झाल्यावर, एकदा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून बोलली. ते मी जसंच्या तसं सांगते. ‘आई, गाताना मी माझं गाणं ऐकतच नव्हते. तुला ते कसं वाटतंय, तेच ऐकत होते. आणि मला सगळं मिळालंय, तेव्हा मला रडायचा हक्क नाही, असं वाटायचं. तू जे जे आणलंस ते मला कर्जासारखं दिसायला लागलं.’

मी सतरा वर्षं प्रेम म्हणून जे जमा करत होते, तिच्या वहीत ते उधारीच्या बाजूला लिहिलं जात होतं.

त्या दिवसांत ती गात नव्हती, पण ऐकत होती. आणि ती सगळ्यांत जास्त ऐकत होती किशोरी आमोणकरांना. मला किशोरीताई माहीत होत्या त्या बाबांच्या कॅसेटमधून. सोयराबाईंचा तो अभंग आमच्या पडवीत कितीदा वाजला असेल. पण त्यांची गोष्ट मला मुलीनं सांगितली. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी २०११ मध्ये ‘भिन्न षड्ज’ हा माहितीपट त्यांच्यावर केला आहे, तोही आम्ही दोघींनी एकत्र बघितला.

किशोरीताईंच्या आई म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कुर्डी गावच्या. लहानपणी आई गेली, नाटक कंपन्यांत काम केलं, आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांसारखा गुरू मिळवून जयपूर घराण्याचं गाणं अक्षरशः कष्टानं कमावलं. कलावंत घरातल्या बाईला त्या काळी समाज कसा वागवायचा, ते वेगळं सांगायला नको. पतीही लवकर गेले. तीन मुलं पदरात, आणि मिळकत काय ती गाण्याची. किशोरीताई थोरल्या. त्यांना आईच गुरू म्हणून मिळाली. गाण्याच्या जगात याहून मोठी श्रीमंती नाही. आणि आईनं तिला फक्त आपल्याच घराण्यात कोंडलं नाही, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकायला पाठवलं.

पण त्याच मुलीनं आईच्या मागे तंबोरा घेऊन बसताना दुसरंही पाहिलं. प्रवासाची, उतरण्याची सोय कशी करतात, मानधन किती देतात, एवढ्या मोठ्या गायिकेशी कशा स्वरात बोलतात. ते त्या कधी विसरल्या नाहीत. पुढे किशोरीताई तऱ्हेवाईक आहेत, श्रोत्यांवर रागावतात, आयोजकांना अटी घालतात, असं लोक म्हणत राहिले. त्यातल्या पुष्कळशा रागाचं मूळ आईच्या त्या दिवसांत होतं. म्हणजे वारसा नुसता बंदिशींचा मिळत नाही. आईचा अपमानही वारशात येतो. मला हे ऐकताना आपल्या त्या मैत्रिणीची आठवण झाली. मी मागे राहिले नाही, पण मागे राहण्याची भीती माझ्यात होती, ती मी मुलीला न सांगता देऊन टाकली.

आणि मग मुलीला सर्वांत जवळचा वाटला तो भाग. वयाच्या पंचविशीच्या सुमाराला किशोरीताईंचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षं त्या गाऊ शकल्या नाहीत. गाणाऱ्या आईची गाणारी मुलगी, सगळ्यांचे डोळे तिच्याकडे, आणि आवाजच नाही. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला. त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या, असं त्यांनी सांगितलं आहे. पुढे जे गाणं आलं ते आईचं होतं आणि आईचं नव्हतंही. जयपूर घराण्याची ती गुंतागुंतीची, लयीला घट्ट बांधलेली गायकी त्यांच्या रक्तात होती, पण त्यांनी आलापाला सावकाश, मोकळा वेळ दिला, रागाचा भाव शोधायला लागल्या. घराण्याची शिस्त मोडली म्हणून टीका झाली. घराण्याच्या भिंती आपल्याला मान्य नाहीत, हे त्या ठामपणे सांगत राहिल्या. १९८७ मध्ये पद्मभूषण, २००२ मध्ये पद्मविभूषण. आईला १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं होतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

ही गोष्ट ऐकल्यावर मी काय केलं असेल? लगेच म्हणाले, ‘बघ, म्हणजे दोन वर्षांनी तूही...’ मुलीनं मला तिथेच थांबवलं. म्हणाली, ‘आई, त्यांचा आवाज गेला होता, माझं मन आजारी आहे. दोन्ही एक नाही. आणि दुःखातून मोठी कला येते वगैरे मला सांगू नकोस. दुःखानं मला गाणं दिलं नाही, होतं ते बंद केलं. मला त्यांची गोष्ट आवडते ती एवढ्यासाठीच, की दोन वर्षं त्या गायल्या नाहीत आणि तरी त्या किशोरी आमोणकरच होत्या.’

मित्रांनो, माझ्या सगळ्या स्लाइडपेक्षा हे एक वाक्य मोठं आहे. मूल काही करून दाखवत नाही त्या दिवसांतही ते आपलं तेवढंच मूल असतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याला ते कळेल असं आपण वागतो का? मी वागले नव्हते.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात आपल्या वाड्या झोपल्या. माझ्या माहेरच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. तेव्हा कुणी पोफळीला विचारलं नाही, ‘तुला काय कमी होतं? पाणी होतं, शेणखत होतं.’ आपण आधी पडलेलं उचललं, नवी रोपं लावली, सावली केली आणि थांबलो. अजून सगळ्या झाडांनी नीट धरलेलं नाही. वाडीच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत!

या वर्षी गणपतीत गावी आले तेव्हा हे सगळं आपल्या त्या मैत्रिणीला सांगितलं. ती मासे निवडत होती. मी बरंच बोलले, औषधं, समुपदेशन, गाणं परत कधी सुरू होईल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हसते काय गो ती?’ मी म्हटलं, हो, आता हसते. ‘मग गाण्याचं काय घेऊन बसलीस?’ एवढंच. मग मी विचारलं, तू गातेस का अजून? म्हणाली, रोज, भाकऱ्या थापताना. तिचं गाणं कुणी ऐकलं नाही, तालमीला घेतलं नाही, ते अन्यायच होतं, आणि त्यात थोडा वाटा माझाही होता. पण ते तिचं राहिलं. माझ्या मुलीचं गाणं सगळ्यांनी ऐकलं आणि तिचं राहिलं नाही.

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी. कुणाच्या मुलाची झोप, जेवण, बोलणं पंधरा-वीस दिवस बिघडलेलं दिसलं, तर माझ्यासारखे दोन महिने घालवू नका. डॉक्टरकडे जा. आंजर्ल्याहून लगेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तो मोबाइलमध्ये आत्ताच लिहून ठेवा. आणि ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य घरातून काढून टाका. ज्याला काही कमी नाही त्यालाही आजार होतो, आणि ज्याला खरंच कमी आहे त्याला तर विचारणारंही कुणी नसतं. आपल्या गावात अशी मुलं आहेत. बाईंनी मघाशी शाळेच्या पेटीचं सांगितलं, की ती दुरुस्तीला आली आहे. तो खर्च मी करते. फक्त तालीम बुडाली म्हणून कुणाला मागच्या रांगेत पाठवू नका, एवढं मागणं आहे.

आता मुलीची अट. ती म्हणाली, ‘मी बरी झाले असं सांगू नकोस. बरी होते आहे असं सांग.’ तर ती बरी होते आहे. औषधं चालू आहेत, कॉलेज चालू आहे. कधीतरी आंघोळीला गेली की गुणगुणते. मी तेव्हा मुद्दाम मिक्सर लावते.

ती आज माझ्याबरोबर आली आहे. आत्ता समुद्रावर गेली आहे. रात्री जेवणानंतर आपल्या गाण्याच्या भेंड्या आहेत, ती मागे कुठेतरी येऊन बसेल. तुम्ही सगळे प्रेमळ आहात, म्हणून आधीच हात जोडून सांगते. तिला मासे वाढा, सोलकढी द्या, वाटलं तर माझ्या शाळेतल्या फजित्या सांगा. पण तिला कुणी ‘गा’ म्हणू नका.