नेपल्सच्या उपसागराकांठीं

इटलीस जाणारा प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या तीन शहरांचा संकल्प सोडून निघतो, आणि नेपल्ससाठीं त्याच्यापाशीं एखादाच दिवस शिल्लक उरतो. त्या एका दिवसांत तो सकाळीं पाँपेई पाहतो, दुपारीं सॉरेंटोकडे जातो, आणि रात्रीं मुक्कामावर परततो तेव्हां त्याच्या मनांत अशी समजूत दृढ झालेली असते कीं, येथें एक शहर होतें, ज्वालामुखीनें तें गाडलें, आणि कथा तेथेंच संपली. कथा संपलेली नाहीं. तें ध्यानांत यावयाचें तर पाँपेईच्या आधीं पोत्सुओली पाहिलेलें बरें.

पोत्सुओली हें नेपल्सच्या पश्चिमेस, आगगाडीनें सहज गांठतां येण्याजोगें लहानसें बंदर. रोमन काळांत त्याचें नांव पुतेओली. टायबर नदीच्या मुखाशीं मोठें बंदर बांधलें जाण्यापूर्वीं रोमचा परदेशी व्यापार मुख्यत्वें येथूनच चाले, आणि अलेक्झांड्रियाहून निघालेलीं गलबतें येथें नांगर टाकीत. गांवांत जुन्या रोमन मंडईचे अवशेष आहेत. अठराव्या शतकांत तेथें खणतांना सेरापिस देवाची मूर्ति सांपडल्यामुळें लोक त्यास सेरापिसचें देऊळ म्हणूं लागले, आणि चूक कळल्यावरही नांव तेंच राहिलें. संगमरवराचे तीन उंच खांब तेथें अद्याप उभे आहेत. त्या खांबांच्या मधल्या भागावर एक खडबडीत पट्टा दिसतो. निरखून पाहिलें असतां तो असंख्य भोंकांनीं पोखरलेला आढळतो, आणि हीं भोंकें दगडांत घर करणाऱ्या समुद्रांतील शिंपल्यांचीं आहेत! म्हणजे खांब उभ्याचे उभे राहिले, त्यांच्याखालची जमीन समुद्रांत खचली, आणि कालांतरानें पुन्हां वर आली. स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यानें १८३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीं याच खांबांचें चित्र छापलें होतें. भूमि अचल आहे असें मानणाऱ्यांस याहून बोलका पुरावा तो कोणता देणार?

या गांवाखालीं ज्वालामुखीचें एक विस्तीर्ण क्षेत्र पसरलेलें आहे. १५३८ सालीं अवघ्या आठवड्याभरांत तेथें एक नवी टेकडी उभी राहिली. तिचें नांवही 'नवा डोंगर' असेंच पडलें. १९७० सालीं जमीन वर येऊं लागल्यामुळें खडकावरील जुनी वस्ती सरकारी हुकुमानें रिकामी करावी लागली. १९८२ ते १९८४ या काळांत जमीन सुमारें सहा फूट उंचावली, धक्क्याशीं होड्यांना पाणी पुरेनासें झालें, आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसांस घरें सोडावीं लागलीं. २००५ पासून ती पुन्हां उंचावत आहे. तरीही बाजार भरतो, मासळीचा लिलाव होतो, मुलें शाळेंत जातात.

हें पाहून मग उपसागराच्या दुसऱ्या अंगास पाँपेईला यावें. आतां तेथील रस्ते वेगळे दिसूं लागतात. पावसाळी पाण्यांतून पाय न भिजवितां पलीकडे जाण्यासाठीं रस्त्यांत मांडलेले मोठे दगड, गाड्यांच्या चाकांनीं फरसबंदींत पडलेल्या चाकोऱ्या, निवडणुकींतील उमेदवारांसाठीं भिंतींवर रंगविलेलीं आवाहनें, हें सारें नांदत्या गांवाचें आहे. एका भटारखान्याच्या भट्टींत एक्यायशी पाव कोळसा होऊन राहिलेले सांपडले. इ. स. ६२ सालीं येथें मोठा भूकंप झाला होता, आणि सतरा वर्षांनंतर ज्वालामुखी फुटला तेव्हां कित्येक घरांची डागडुजी अद्याप चालू होती. म्हणजे पाँपेईकरही पोत्सुओलीकरांसारखेच, भिंती लिंपून तेथेंच राहिलेले.

याच शहरांत १९३८ सालीं एका घरांत जेमतेम वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. ती आज नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे. अंगावर भरगच्च दागिने, दोहों बाजूंस दोन लहान दासी, आणि घडण निःसंशय भारतीय. आरंभीं तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें ती यक्षी असावी असें मत झालें. तिच्याशीं जवळचें साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ति मराठवाड्यांतील भोकरदन आणि तेर येथें सांपडल्या आहेत. तेर म्हणजे जुनें तगर. तेथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास नेत, असें एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतांत नमूद आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशीं मात्र वायव्य भारतांतील खरोष्ठी लिपीचें अक्षर कोरलेलें आहे. त्यामुळें ती नेमकी कोठें घडली याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. ती तेरची असो वा नसो, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया आणि पोत्सुओली अशा मार्गानें ती येथवर आली असावी. दारांतून आंत येणाऱ्या पाहुण्यास ती कौतुकानें दाखविणारा तिचा धनी त्या दिवशीं कोठें होता, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर हर्क्युलेनियम लागतें. घाईच्या प्रवाशाकडून नेमकें हेंच वगळलें जातें, हें दुर्दैव. येथील माणसें समुद्राकडे धांवलीं. होड्या ठेवण्याच्या कमानींत त्यांनीं आसरा घेतला, आणि १९८० नंतरच्या उत्खननांत तेथें सुमारें तीनशें सांगाडे मिळाले. आज त्या कमानींपुढें समुद्र नाहीं. त्या वेळच्या तप्त लोटांनीं किनाराच दूर लोटला.

व्हेसूव्हियसचा शेवटचा उद्रेक १९४४ च्या मार्चमधला. त्यांत सान सेबास्तियानो गांवाचा मोठा भाग लाव्ह्याखालीं गेला. गांव पुन्हां त्याच जागीं बांधलें गेलें. आज सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यांत साडेसहा लाखांहून अधिक लोक राहतात. त्यांस बहात्तर तासांत हलविण्याची योजना सरकारनें आंखून ठेवली आहे, आणि कोणत्या गांवानें इटलीच्या कोणत्या प्रांतांत जावयाचें हेंही ठरलेलें आहे.

हर्क्युलेनियमचा पुष्कळ भाग अद्याप खणलेला नाहीं, कारण त्याच्यावर आजचें एर्कोलानो गांव वसलेलें आहे. खड्ड्याच्या तळाशीं उभें राहून प्रवाशानें मान वर केली, तर प्राचीन भिंतींच्या वर मातीचा उंच कडा, त्यावर घरें, घरांच्या सज्जांत वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्यामागें व्हेसूव्हियसचें निळसर शिखर एकाच दृष्टिक्षेपांत दिसतें.