एका कंटेनरची चार बिलं

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं, म्हणून इथे गोदामं वाढली. २०१७ साली जकात गेली, गोदामं राहिली.

इथल्या एखाद्या गाळ्यात चीनच्या निंगबो बंदरातून निघालेला कंटेनर रिकामा होतो, तेव्हा त्याच्या कागदांकडे बघा. जहाज कंपनी माल चढवून घेते आणि देते ते बिल ऑफ लेडिंग. न्हावाशेव्याला कस्टमपुढे भरतात ते बिल ऑफ एंट्री. तोच माल पुढे इंदूरला निघाला आणि किंमत पन्नास हजारांवर असली, की ई-वे बिल. हे १ एप्रिल २०१८ पासूनचं. आणि व्यापारी गिऱ्हाइकाला देतो ते आपल्या ओळखीचं, नुसतं बिल.

मराठीनं इंग्रजी 'बिल'चा एकच अर्थ उचलला, पैसे मागणारा कागद. लाईटबिल, हॉटेलचं बिल. त्यामुळे गोदामात नवा लागलेला पोरगा ई-वे बिल बघून विचारतो, "भरायचे किती?" भरायचं काहीच नसतं. गाडीचा नंबर, माल कुठून कुठे, किंमत काय आणि मुदत किती, एवढंच. मुदत साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस.

कंटेनर जिथून निघाला, तिथल्या चिनी बोलणाऱ्याची अडचण नेमकी उलटी. त्याच्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आहे. पैशांचं ते झांगदान, जहाजाचं ते थीदान, संसदेत मांडतात ते फाआन. थीदानमधलं 'दान' म्हणजे चिठ्ठी आणि 'थी' म्हणजे उचलणं. माल सोडवून न्यायची चिठ्ठी. मला विचाराल तर हे नाव इंग्रजीपेक्षा सरस, कागदाचं काम नावातच आलं. इंग्रजी शिकताना मात्र ही सगळी नावं एकाच शब्दात कोंबलेली बघून तो चक्रावतो. अर्थांची यादी घोकण्यापेक्षा त्यानं शेजारचा शब्द बघावा. 'पे' केलं तर दुकानाचं, 'पास' झालं तर संसदेचं. अर्थात ही खूण आपल्याकडे चालायची नाही. सरकारी कचेरीत ठेकेदाराचं बिलसुद्धा आधी पासच व्हावं लागतं!

या सगळ्या बिलांचं मूळ लॅटिन 'बुल्ला', म्हणजे दस्तऐवजावरची मोहोर. मोहोर लागली की ते बिल, मग त्यात पैसे मागितलेले असोत, मालाची नोंद असो, नाहीतर कायद्याचा मसुदा. पक्ष्याच्या चोचीलाही इंग्रजीत बिलच म्हणतात, पण तो जुन्या इंग्रजीतला निराळा शब्द. ते बिल लॅटिनच्या नावावर फाडता येत नाही.